मशेरी कुणी खात नाही

प्रतीक्षा प्रज्ञेशला पहिल्यांदा भेटली तेव्हा तो रक्तदाबाच्या मशीनमध्ये अडकला होता. कान्हे गावात शालनबाईंच्या ओट्यावर बसून, मशीन नीट चालतंय का बघावं म्हणून त्यानं पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला, बटण दाबलं, आणि मशीन हवा भरतच राहिलं. बोटं जांभळी व्हायला लागली. तपासणी अशीच असते असं समजून शालनबाई ते सगळं आदरानं बघत होत्या.

तेवढ्यात उर्से टोलनाक्यावरची पाळी संपवून त्यांची मुलगी प्रतीक्षा आली. तिनं हेल्मेटही न काढता मशीन पालथं केलं आणि सेल काढले. पट्टा फुस्सकन बसला.

"दुखलं का?" तिनं विचारलं.

"नाही..."

"मग डोळ्यांत पाणी कशाचं?"

रक्तदाब कुणाला का होतो आणि गोळीनं किती उतरतो, असा लोणावळ्याच्या एका डॉक्टर मॅडमचा वर्षभराचा अभ्यास चालला होता. मावळातल्या चार गावांत दोनशे बारा बायकांना फॉर्ममधले प्रश्न विचारायचे आणि रक्तदाब घ्यायचा, हे प्रज्ञेशचं काम. नियमानं वर्षात तीन भेटी. शालनबाईंकडे दोन महिन्यांत सात झाल्या. इतका मन लावून मोजलेला रक्तदाब अख्ख्या तालुक्यात दुसरा नव्हता. तरी तो उतरत मात्र नव्हता.

सातव्या भेटीला बाहेर भुरभुर चालली होती. प्रतीक्षानं चहा आणला. कपाचं गरम अंग स्वतःच्या बोटांत धरून तिनं कपाचा कान त्याच्याकडे फिरवला, आणि प्रज्ञेश पुढचा प्रश्न विसरला. मग सापडला – अकरावा. तंबाखू खाता का?

"न्हाई बाबा," शालनबाई म्हणाल्या. त्यानं 'नाही'वर खूण केली.

प्रतीक्षा हसली. "आये, ह्यांना दात दाखव."

शालनबाईंनी दाखवले. डांबरी रस्त्यासारखे काळे. शेजारी मशेरीची डबी होती.

"मशेरी कुणी खातं व्हय?" त्यांनी समजूत घातली. "लावत्यात."

तव्यावर जाळलेला तंबाखू दिवसातून चारदा हिरड्यांना लावायचा आणि अर्धा तास तसाच ठेवायचा. खाणं नाहीच ते. बाई एका अक्षरानंही खोटं बोलल्या नव्हत्या. प्रज्ञेशला फाइलीतल्या दोनशे बारा बायका आठवल्या, त्यांचे दोनशे बारा 'नाही' आठवले, आणि मग एकामागून एक दात आठवायला लागले.

मॅडमना सांगून टाका, प्रतीक्षा म्हणाली. उद्याच सांगतो, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिला. मॅडम म्हणत होत्या, या बायका तंबाखूला शिवतसुद्धा नाहीत, तरी रक्तदाब हटत नाही, म्हणजे गोळीच वाढवायला हवी. बोलायची वेळ हीच होती. प्रज्ञेश म्हणाला, "हो मॅडम."

फोनवर प्रतीक्षानं विचारलं, सांगितलं का? त्यानं सांगितलं म्हणून सांगितलं. "शाबास," ती म्हणाली. ते शाबास घेऊन तो दहा दिवस हिंडला... आणि रोज आरशात बघायचं टाळून दाढी केली. हनुवटीवर तीन ठिकाणी पट्ट्या लागल्या.

अकराव्या दिवशी, वाढवलेल्या गोळीनं, शालनबाईंना नळावर घेरी आली. बाई वाचल्या, कळशी चेपली. प्रतीक्षाचा फोन आला. मशेरीचं कळूनही मॅडमनी गोळी वाढवली का, एवढंच तिनं विचारलं. सांगणारच होतो, तो म्हणाला.

"कळलं," ती म्हणाली. "मला तुमच्याबद्दल काहीतरी वाटायला लागलं होतं... असू दे." टोलनाक्यावर गाडी पुढे घ्यायला सांगतात, अगदी त्या आवाजात.

सकाळी सात वाजता तो मॅडमच्या दारात उभा होता. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण तो आवाज त्याहून वाईट होता. त्यानं सगळं सांगितलं, 'हो मॅडम'सकट. मॅडमनी आधी शालनबाईंना फोन करून गोळी पूर्ववत केली. मग चष्मा काढला. नोकरी ठेवते, म्हणाल्या, पण सगळे फॉर्म पुन्हा. आणि खाडाखोड चालणार नाही. चुकीच्या उत्तरावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं उत्तर, सही, तारीख.

पंधरा दिवस तो दारोदार चूक कबूल करत फिरला. एकशे नव्याण्णव बायका मशेरी लावत होत्या. एका आजीबाईंनी विचारलं, मागच्या टायमाला डोळं घरी ठिवलं हुतं का? दर सहीबरोबर त्याचं नाव बारीक होत गेलं. शेवटी शेवटी तर ती मुंगी आहे की सही, ते फुंकर मारूनच कळलं असतं.

शालनबाईंचं घर त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. एरवी तो मोठ्यानं जय भीम घालायचा. आज पुटपुटला, आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांकडे बघायचं धाडस झालं नाही. शालनबाईंनी उत्तर दिलं, मशेरी एका वेळेवर आणलीय म्हणून सांगितलं, माणूस चुकायचाच म्हणाल्या, आणि चेपलेली कळशी त्याच्यासमोर ठेवून आत गेल्या.

ओट्यावर प्रतीक्षा होती. हेल्मेट पुसत होती. प्रज्ञेशनं बॅग भरली, सोडली, पुन्हा भरली.

"एक विचारू? मी... तुम्हाला आवडतो का?"

"नाही."

पंधरा दिवसांच्या सवयीनं त्याचा हात आपोआप कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर 'नाही' लिहून मोकळा झाला. कान तापले. बॅगेची चेन अडकली.

"अजून अक्कल आली न्हाई," प्रतीक्षा फॉर्मकडे बघत म्हणाली. "मशेरी कुणाला आवडत न्हाई. शब्द चुकलाय तुमचा."

त्यानं फॉर्म उलटून सरळ केला. मग अकराव्या प्रश्नाच्या खालचे, सवयीचे प्रश्न त्याला एकदम दिसले.

"सवय... आहे?"

"व्हय."

"किती दिवसांपासून?"

"मशीननं धरलं होतं तुम्हाला, त्या दिवसापासून."

"दिवसातून किती वेळा?"

"टोलवर गर्दी नसली की जास्त."

शेवटचा प्रश्न विचारताना त्याचा आवाज पार खाली गेला. "सोडायचा प्रयत्न केला का?"

"केला. सोळा दिवस झाले." तिनं नजर कळशीवर ठेवली. "तुमचं खोटं कळलं तेव्हापासून. सुटत न्हाई."

प्रज्ञेशनं फॉर्म पुन्हा पालथा करून 'नाही'वर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी.

"सही करा," प्रतीक्षा म्हणाली. "आणि मोठी करा जरा. नाव दिसू द्या."