सीलचं तोंड कुठल्या बाजूला

"तुमच्याकडे माझा हात आहे," तो म्हणाला.

तिने चष्म्याची काच घासायचं चाक बंद केलं आणि मान वर केली. वर्कशॉपच्या दारात एक उंच तरुण उभा होता. बुटांवर पीठ, कोपरावर पीठ, एका भुवईवरही थोडंसं पीठ.

"माझ्याकडे माझेच दोन आहेत," ती म्हणाली. "तुमचा कुठला?"

"माझा म्हणजे… मशीनचा. कॉफीच्या." त्याचे कान लाल झाले. "त्या बंद पडलेल्या हॉटेलच्या लिलावात मी कॉफीचं जुनं मशीन घेतलं. दांडा ओढून चालवायचं असतं ना, तसलं. घरी आणून बघतो तर दांडाच नाही! नुसतं भोक. लिलाववाले म्हणाले, तो भाग पत्र्याच्या एका डब्यात होता आणि तो डबा चष्म्याच्या वर्कशॉपमधल्या बाईंनी नेला. म्हणून म्हटलं, जाऊन हात मागावा—"

"हात मागायला आलेत?" शेजारच्या टेबलावरचे म्हातारे काका काच पुसता पुसता म्हणाले. "मग घरी या म्हणावं. वर्कशॉपमध्ये काय!"

आता त्याच्या कानांबरोबर गालही लाल झाले. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तो डबा तिने खरंच आणला होता, आणि कशासाठी आणला हे तिला कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं. त्यात पितळेचे जाडजूड तुकडे होते, मनगटाएवढी स्प्रिंग होती, लाकडी मुठीचा लांब दांडा होता. हे सगळं मिळून काय होतं, ते तिला कळलं नव्हतं. आणि जे कळत नाही ते तिथेच सोडून यायचं, हे तिच्या रक्तातच नव्हतं. गेले नऊ दिवस ते तुकडे तिच्या टेबलावर पसरलेले होते.

"म्हणजे ते कॉफीचं आहे!" ती जवळजवळ ओरडलीच. "मग ती स्प्रिंग काय करते?"

"ते… मलाही नक्की माहीत नाही. डबा मला द्याल का? तुम्ही म्हणाल ती किंमत—"

"छे! विकायचा नाही."

त्याचा चेहरा पडला.

"डबा घेऊन मीच येते," ती म्हणाली. "आपण दोघं मिळून बसवू. सगळं कसं चालतं ते मला बघायचंय. चालायला लागलं की डबा तुमचा. कधी येऊ?"

तो बेकरीवाला होता. मंगळवारी दुपारी बेकरी बंद असायची.

*

घरी तिला सगळे 'चौकशी' म्हणत. खरं नाव कागदोपत्रीच उरलं होतं. लहानपणी तिने घरातली तीन घड्याळं आणि एक शिलाई मशीन उघडून ठेवलं होतं. मोठी झाल्यावर तेच तिने स्थळांचं केलं, असं आईचं म्हणणं. तीन मुलगे बघून झाले होते. तिघेही चांगले होते. ती मन लावून प्रश्न विचारायची, तेही मन लावून उत्तरं द्यायचे, आणि दुसऱ्या भेटीअखेर तिचा उत्साह फुस्स व्हायचा.

"काय खोट होती गं त्याच्यात?" आई विचारायची.

"काही नाही. कळला."

"कळला म्हणजे? माणूस म्हणजे काय रेडिओ आहे, उघडला, बघितला, ठेवून दिला?"

यावर ती हसायची. पण मनातून तिला भीती वाटायची. आपण खरंच अशाच असलो तर? कळेपर्यंत जीव टाकायचा, आणि कळलं की संपलं…

*

बेकरीच्या मागच्या खोलीत भट्टीची ऊब होती. मोठ्या लाकडी टेबलाच्या एका टोकाला ते मशीन बसलं होतं. तांब्याचं पोट, काळवंडलेलं पितळ आणि समोर ते भोक. बेकरी त्याच्या आत्याची. आत्या पुढच्या दुकानात हिशोबाशिवाय वाट्टेल ते करत बसायच्या आणि त्यांचे कान मात्र मागच्या खोलीत असायचे.

पहिल्या मंगळवारी कुठला तुकडा कुठे जातो ते दोघांनी शोधून काढलं. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबते आणि आतला पिस्टन वर जातो. रिकाम्या जागेत गरम पाणी उतरतं. दांडा सोडला की स्प्रिंग पिस्टनला खाली रेटते आणि पाणी कॉफीतून दाबून बाहेर काढते.

"म्हणजे जोर माणसाचा, पण तो वापरते स्प्रिंग," ती हरखून म्हणाली.

"आणि पाणी दुसरीकडून पळून जाऊ नये म्हणून ही सीलं," तो म्हणाला.

पिस्टनला रबराची तीन सीलं होती. होती म्हणायची फक्त. इतक्या वर्षांनी ती दगड झाली होती. दुसरा मंगळवार ती उकरण्यातच गेला. तिने काचेच्या कामाचे बारीक आकडे आणले होते. टोक खाली घालून हलकेच उचकटलं की सीलचा काळा तुकडा टणकन उडायचा.

"तुम्ही दिवसाला किती कॉफी पिता?" तिने विचारलं.

"मी? पीतच नाही."

तिचा हात थांबला. "मग मशीन कशाला घेतलं?"

त्याने पुढच्या दुकानाकडे पाहिलं. "लोक येतात, ब्रेड घेतात, जातात. कुणी बसत नाही. मला वाटलं… कॉफी असली तर बसतील. बसले तर बोलतील."

"आणि तुम्ही काय बोलाल?"

"मी ऐकेन की."

तो भट्टीजवळ गेला आणि एक पाव उलटा करून, त्याच्या तळाला बोटाने टकटक करून कान लावला.

"काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"म्हणतोय, अजून पाच मिनिटं. आणि त्या ताईंना म्हणावं, आकडा जपून. बोटात जाईल."

ती हसली. आणि घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की आपण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने उत्तर दिलं, तरी दर उत्तरामागे आणखी एक प्रश्न उरलाच आहे.

मोजमापं तिने घेतली, स्वतःच्या कॅलिपरने, दहा-दहा वेळा. नवी सीलं मागवली. ती येईपर्यंत सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तांब्याचं पोट बुडवून आतला पांढरा थर काढला. बादलीत बुडबुडे फुटत राहायचे, आणि ते बघायला दोन डोकी इतकी जवळ यायची की… मग एकदम दोघांनाही काहीतरी दुसरं काम आठवायचं.

सहाव्या मंगळवारी सीलं आली. काळीभोर, मऊ, छोट्या वाट्यांसारखी. तिने एक हातात घेऊन त्याला दाखवलं. "हे बघा, याला तोंड आहे. खालच्या दोन्हींचं तोंड खाली, पाण्याकडे. पाण्याने दाब दिला की कडा फाकते आणि भिंतीला घट्ट चिकटते. उलटं बसवलं तर पाणी सरळ वर निसटणार. आलं लक्षात?"

"आलं."

ती लांब बोल्टवर नट आवळत स्प्रिंग दाबायच्या कामाला लागली. तोवर त्याने सीलांना ग्रीस लावून ती पिस्टनवर चढवली. सगळं जोडलं. पाणी तापलं, दाबाचा काटा वर आला. आत्या पदर खोचून दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्याने दांडा ओढला, सोडला. दांडा सटकन वर गेला आणि पिस्टनच्या डोक्यावरून गरम पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट त्याच्या एप्रनवर.

"अगं बाई! भाजलं का रे?"

"नाही आत्या… नुसतं भिजलो."

मशीन निवल्यावर तिने सगळं पुन्हा उघडलं. पिस्टन हातात घेतला आणि बघतच राहिली. खालच्या दोन्ही सीलांची तोंडं वर होती.

तिच्या छातीत काहीतरी लकाकलं. जो माणूस नुसत्या बोटाने पाव भाजला की नाही ते ओळखतो, तो ही चूक करेल?

"तुम्ही मुद्दाम केलंत," ती म्हणाली. ओठांवरचं हसू तिला लपवता येत नव्हतं.

"काय?"

"उलटी बसवलीत. म्हणजे मशीन गळणार… म्हणजे पुन्हा उघडावं लागणार… म्हणजे मी पुढच्या मंगळवारी—"

ती थांबली. कारण तो हसत नव्हता. तो पुढे वाकून पिस्टनकडे खरोखरच बघत होता, कपाळाला आठ्या घालून.

"अरेच्चा," तो म्हणाला. "पिस्टन मी टेबलावर डोक्यावर उभा केला होता. मग वर ते खाली… नाही हो. मुद्दाम नाही. माझं खरंच चुकलं."

भट्टीतला एक निखारा तडकला. मग त्याने हळूच मान वर केली.

"पण… तुम्हाला असं का वाटलं?"

आयुष्यभर तिने लोकांना प्रश्न विचारले होते. या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं, अगदी जिभेवर होतं, आणि तोंडातून बाहेर पडायला तयार नव्हतं.

"मला उशीर होतोय," दुपारी साडेतीन वाजता ती म्हणाली, आणि कॅलिपर तिथेच टाकून निघून गेली.

*

गुरुवारी तिने एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. काकांनी मुकाट्याने चष्मा तिच्या समोर ठेवला. बारा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

"काय गं, हाही कळला वाटतं?" घरी आईने विचारलं.

"नाही." तिने उशीत तोंड खुपसलं. "त्यालाच मी कळले. सगळीच्या सगळी. सहा मंगळवारांत."

आई "घरातला ब्रेड संपलाय," असं म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडली.

मंगळवार आला. जायचं नाही असं तिने सकाळपासून चार वेळा ठरवलं. मग आठवलं, कॅलिपर तिथेच राहिलाय. कॅलिपरशिवाय कसं चालेल!

मागच्या खोलीत टेबलावर पिस्टन तसाच उभा होता. सीलं तशीच उलटी. शेजारी स्वच्छ फडक्यावर तिचा कॅलिपर.

"तुम्ही बसवलं नाहीत?" ती म्हणाली. "आता तर माहीत होतं, तोंड कुठे हवं ते."

"माहीत होतं." तो हातांवरचं पीठ झटकत राहिला. त्या हातांवर पीठ नव्हतंच. "पण तुम्ही नसताना बसवायचं म्हणजे… नीट बसलं असतं, तरी काय उपयोग?"

तिने कॅलिपर उचलला आणि पुन्हा फडक्यावर ठेवला.

"आणि एक सांगायचंय. मी मुद्दाम केलं नव्हतं. पण गेला आठवडाभर एकाच गोष्टीचं वाईट वाटतंय… की हे मला सुचलं कसं नाही!"

तिला हसू फुटलं. असं फुटलं, की पुढच्या दुकानात आत्यांनीही कशाला ते न कळता हसून घेतलं.

या वेळी सीलं दोघांनी मिळून चढवली. पिस्टन तिने धरला, कडा त्याने बोटाने बसवली, आणि एकमेकांची बोटं ग्रीसने इतकी निसरडी झाली होती, की कुठलं कुणाचं ते नीट सांगता आलं नसतं. पाणी तापलं. तिने दांडा खाली ओढला, क्षणभर थांबली, हलकेच सोडला. या वेळी दांडा सटकला नाही. सावकाश, जड, भरल्या पोटाने वर चढत गेला, आणि खाली कपात काळ्या-सोनेरी कॉफीची बारीक धार लागली.

तो पहिला घोट प्यायला. डोळे मिटले, तोंड वाकडं केलं.

"कडू आहे."

"कॉफी आहे!"

"हो. आवडेल हळूहळू." त्याने कप खाली ठेवला, आणि मग त्याला जे विचारायचं होतं, ते कपाकडे बघतच विचारलं. "तुमच्या आई येऊन गेल्या गुरुवारी. ब्रेड घ्यायला. सव्वा तास होत्या."

"आई?!"

"आत्यांशी बोलत होत्या. मी ऐकत होतो… मुद्दाम." तो जेमतेम हसला. "म्हणाल्या, आमच्या मुलीला एखादी गोष्ट पुरती कळली, की तिचं मन उडतं. तर… मशीन आता कळलं ना?"

कुणी दुसऱ्याने विचारलं असतं, तर तिने काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. पण त्याला खरं उत्तर हवं होतं, आणि तिलाही ते हवं होतं. तिने मशीनकडे पाहिलं. तांबं लखलखत होतं. सुंदर होतं. पण आत काय चाललंय, ते आता डोळे मिटूनही तिला दिसत होतं. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मन उडालं होतं, अगदी आईने सांगितलं तसंच.

भीत भीत तिने नजर त्याच्याकडे वळवली.

"मशीन कळलं," ती म्हणाली. "तू… तू मात्र दर मंगळवारी थोडा थोडा कमीच कळतोयस. असं माझं याआधी कधी झालेलं नाही. आणि मला ते थांबायला नकोय."

'तू' हा शब्द खोलीत राहिला. त्याने तो ऐकला, नीट ऐकला. आणि मग ग्रीसच्या हातांनी तिचा ग्रीसचा हात धरला.

"मीसुद्धा…" तो म्हणाला. पुढचं वाक्य काही केल्या जुळेना. "म्हणजे, मी केव्हापासूनच—"

"अरे, नीट बोल की तिच्याशी!" आत्यांनी पुढून आवाज दिला. "आणि आधी ती कॉफी आण इकडे. गार होतेय!"

त्याने कप आत्यांना नेऊन दिला, एप्रन खुंटीला अडकवला आणि मागचं दार उघडलं. बाहेर दुपारचं स्वच्छ ऊन पडलं होतं. गल्ली दोन्ही बाजूंना सारखीच लांब होती.

"कुठे जायचं?" तिने विचारलं.

"ते मलाही माहीत नाही," तो म्हणाला.

हे उत्तर तिला फार आवडलं. ती त्याचा हात धरून चालायला लागली.