भिंग नसलेलं घड्याळ

टिक... टिक...

आवाज इतका बारीक, की मंजुषानं ओढणीला हात पुसता पुसता श्वासच रोखला.

कपाटातून येत होता.

पौषातली संध्याकाळ. फरशी बर्फासारखी गार. सासूबाई देवळात गेलेल्या, पाच वर्षांचा कृष्णा बाहेर ओट्यावर. घरात ती एकटीच.

कुणाला खोटं वाटेल तर वाटो. कळंबच्या या घरात हे घडलंय, आणि मंजुषा अजून तिथंच राहते.

कपाटात तिच्या नवऱ्याचं, युवराजचं घड्याळ होतं. भारीतलं, स्विस. दुबईत वर्षानुवर्षं क्रेन चालवून हौसेनं घेतलेलं. त्याला सेल नसतो. मनगट हललं तरच ते चालतं. काढून ठेवलं, की दोन-तीन दिवसांत बंद.

आणि युवराजला जाऊन वर्ष होत आलं होतं.

गाडीवरून पडला, तेव्हा घड्याळाची काच तडकली. तारखेवर एक इवलंसं भिंग होतं... तडा बरोबर त्यातून गेला. त्याच भिंगातून तो कृष्णाला आकडे शिकवायचा.

दहाव्याला कावळा शिवेना.

ऊन डोक्यावर आलं. पोराच्या शिक्षणाचा शब्द देऊन झाला, आईला सांभाळायचा देऊन झाला. शेवटी धाकटा दीर धनाजी हात जोडून म्हणाला, "दादा, तुझं घड्याळ हाय तसं कृष्णाला ठिवतो. कुणी हात लावणार न्हाय त्येला."

कावळा झपकन उतरला.

पण पुढं सासूबाईंना चैन पडेना. "फुटकी काच घरात ठिवू नये, मंजू. अवदसा येती. बदलून आण जा. घड्याळ तर त्येच ऱ्हातंय की."

मंजुषालाही पटलं. सोलापूरचा कारागीर म्हणाला, "भिंगवाली लवकर मिळत नाही, ताई. सपाट बसवतो. उलट झ्याक दिसंल." जुनी काच त्यानं पुढं केली. फुटकी काच परत घरी कशी न्यायची? तिनं तिथंच सोडली.

तेव्हापासून घड्याळ कपाटात. बंद.

टिक... टिक...

तिनं डबी उघडली.

काटा फिरत होता.

हात लावायचा धीर होईना. तेवढ्यात कृष्णा मागून आला अन् त्यानं घड्याळ उचलून डोळ्याला लावलं.

"मम्मी, तारीख मोठी झाली!"

"कशाची मोठी रं? भिंग काढलंय त्याचं."

"हाय की! बघ ना."

तिनं पाहिलं. नेमका तारखेवर... एक गोल थेंब.

तिनं बोटानं पुसला. बोट कोरडंच.

थेंब काचेच्या आतून होता.

खरं सांगायचं तर, भीतीच्या आधी तिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी घरात आणखी कुणीतरी होतं.

मग दहाव्याचा दिवस आठवला. दिलेला शब्द आपण मोडला. म्हणजे हे अजून सुटलेच नाहीत?

कृष्णानं घड्याळाचा पट्टा गालाला लावला.

"गरम हाय गं."

स्टीलचा पट्टा. पौषातला. बंद कपाटातला. तिनं हात लावला...

ऊब होती. ओळखीची.

कृष्णानं दाराकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"बाबांनी आत्ताच काढून ठेवलंय, मम्मी. कुठं गेले?"