निवलेली कॉफी

चेन्नईत परक्या माणसाला पुष्कळ गोष्टी माफ असतात. तमिळ येत नाही? चालतं. रसम भातावर न ओतता वाटीने प्यायलं, तरी चालतं. पण गरम फिल्टर कॉफी हातात धरायची आणि ती तशीच निवू द्यायची, हे मात्र इथे कुणाच्याने बघवत नाही.

रुचा सोमण ते पाप रोज करत असे. नुंगंबाक्कमला तिच्या ऑफिसच्या इमारतीखाली कनका अक्कांचं कॉफीचं लहानसं दुकान होतं. नवाच्या आधी ती तिथे यायची, स्टीलचा टंबलर दोन्ही तळव्यांमध्ये धरून कोपऱ्यात उभी राहायची आणि इअरफोनवर सांगलीच्या आईशी बोलायची.

"हो गं, गोळी घेतली... नाही, कुणालाही सांगितलेलं नाही. झाकली मूठच आहे अजून. ठेवते."

"निवली," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. पांढरास्वच्छ, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि त्याच्या वर दोन हसरे डोळे.

"काय निवलं?"

"कॉफी. चार दिवस झाले बघतोंय. तुम्हीं घेतां, धरतां, आणि निवली की ठेवून जातां. अक्कांना रडूं यायचं बाकी आहे."

मराठी. आणि तेही कसलं, जुन्या पेटीतून काढून झटकल्यासारखं. रुचा चकित होऊन बघतच राहिली.

"तुम्ही मराठी आहात?"

"तंजावूरचे. तीनशें वर्षांपूर्वी आलों. परत जायचं राहून गेलं."

"आणि अजून असंच बोलता?"

"घरीं असंच. का, जुनं झालं कां?"

"जुनं नाही..." ती अडखळली. "माझी पणजी असं बोलायची."

"मग वाकून नमस्कार करा की," तो गंभीरपणे म्हणाला.

रुचाला खुदकन हसू आलं. सकाळच्या वेळी आपण हसू शकतो हे ती विसरूनच गेली होती. त्याचं नाव वादिराज. त्याच कंपनीत, गिंडीच्या शाखेतून नुकताच बदलून आलेला. एवढं सांगून तो घाईघाईने आत गेला. त्याचे हसरे डोळे मात्र ती जिना चढेपर्यंत तिच्या मनात होते.

आता त्या टंबलरचं खरं कारण. रुचाला संधिवात होता. म्हाताऱ्या माणसांना होतो तो नव्हे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर रागावतं, तो. सव्विसाव्या वर्षी तिच्या बोटांनी सकाळी वळायला नकार दिला तो दिलाच. कुर्त्याची बटणं लावायला, केसांना क्लिप लावायला तिला सकाळी तासभर लागायचा. दहा-साडेदहा झाले की तीच बोटं निमूट कामाला लागायची आणि दिवसभर कुणाला पत्ता लागायचा नाही. रोजच्या गोळीखेरीज शनिवारी रात्री आठवड्यातून एकदाची जड गोळी, रविवारी दिवसभर मळमळ, सोमवारी पुन्हा ऑफिस.

आणि ऑफिसच्या दारात हजेरीचं यंत्र. सव्वानऊच्या आत अंगठा लावायचा. तीन वेळा उशीर झाला की अर्ध्या दिवसाची रजा कापली जाणार. कधी तिला यायला उशीर व्हायचा, तर कधी वेळेवर येऊनही सुजलेला अंगठा काचेवर सपाट टेकायचा नाही आणि यंत्र लाल दिवा लावून बसायचं. गरम टंबलर दहा मिनिटं धरला की बोटं जरा सैल पडायची. कॉफी हे तिचं औषध होतं, फक्त ते प्यायचं नसून धरायचं होतं.

नोकरीची सहा महिन्यांची मुदत डिसेंबरात संपत होती. कायम झाली तर चेन्नई, स्वतःची खोली, स्वतःचा पगार. नाही झाली तर सांगली, आणि आईची ती काळजीने भरलेली नजर. आई म्हणायची, "सांगू नकोस बाई. नोकरी देणारेही मागे सरतात आणि मुलगी बघायला येणारेही." गंमत अशी, की रुचा दिवसभर विम्याचे दावे तपासायची. महाराष्ट्रातल्या इस्पितळांचे मराठी कागद तिच्याकडे यायचे. लोकांची दुखणी ती मंजूर करायची आणि स्वतःचं तेवढं लपवायची.

वादिराजने मात्र भलताच निष्कर्ष काढला. हिला आमची कॉफी आवडत नाही. तंजावूरच्या माणसाला याहून मोठं आव्हान कोणतं? दुसऱ्या दिवशी त्याने तिच्यासाठी बिनसाखरेची सांगितली. तिने धरली, ठेवली. मग कडक, मग जास्त दुधाची. त्याही निवल्या.

"सेरी, बरं," एका सकाळी तो हार मानून म्हणाला, "कॉफी नको. अत्तां हें बघा. वेस्ट मांबलमहून आणलंय खास." आणि बर्फात बुडवून काढल्यासारखी गारेगार रोझ मिल्कची बाटली त्याने तिच्या हातात ठेवली.

नाही म्हणावं, तर त्याचा चेहरा इतका आशेने फुलला होता... रुचाने बाटली घेतली. गारठा बोटांत शिरला, बोटं जागच्या जागी आखडली आणि बाटली सुटली. टेबलाच्या कडेवर आपटून सगळं गुलाबी दूध वादिराजच्या इस्त्रीच्या शर्टावर.

कनका अक्का "अय्यय्यो" म्हणत फडकं घेऊन धावल्या. वादिराज स्वतःकडे बघत म्हणाला, "रंग बरा दिसतो कां मला?"

रुचाला हसायला हवं होतं. त्याऐवजी तिचे डोळेच भरून आले. "माझी बोटं... सकाळी चालत नाहीत," ती म्हणाली, आणि मग राहिलेलंही बोलून गेली. दोन वर्षांत आईशिवाय कुणाला न सांगितलेलं, एका गुलाबी शर्टाच्या माणसाला, भर रस्त्यात.

तो ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणून अंगठा लागत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"हजेरीचं यंत्र माझ्याकडेच आहे. उशीर करणाऱ्यांत तुमचं नांव अस्क्यांच्या, म्हणजे सगळ्यांच्या, वर असतं. मला वाटायचं, ही बाई रात्री सिनेमे बघते." तो थांबला. "कोणाला सांगणार नाहीं मी."

त्या दिवसापासून "तुम्ही" गेलं आणि "तू" आलं. ते दोघांपैकी कुणी आधी म्हटलं यावर पुढे बरेच वाद झाले.

मग फार छान दिवस आले. त्याचंही घर वेस्ट मांबलमलाच, तिच्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून, आई आणि वडिलांसह. संध्याकाळी दोघं बरोबर परत जात. टी. नगरच्या गर्दीत तो तिच्या उजव्या बाजूने चालायचा, कारण दुखरं मनगट त्या बाजूचं होतं. हे त्याला तिने सांगितलं नव्हतं. तो कोपऱ्यावर मोगरा घ्यायचा आणि "आईसाठी" म्हणायचा, आणि निम्मा गजरा न बोलता तिच्याकडे यायचा. केसांत माळताना तिला त्रास होईल, म्हणून ती तो पर्सच्या पट्ट्याला गुंडाळायची. पर्सला दुसऱ्या दिवशीही वास यायचा. आणि नवल म्हणजे, हजेरीचं यंत्रही एकाएकी शहाणं झालं. लाल दिवा लागायचा, पण महिन्याच्या हिशेबात उशीर दिसायचाच नाही.

नोव्हेंबरात एकदा रात्रभर पाऊस कोसळला. ओल्या हवेने सांधे असे धरले, की रुचा ऑफिसात पोचली तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. दुपारी तिने मोबाइलवर सहज आपली हजेरी उघडली. आल्याची वेळ होती नऊ वाजून पाच.

संध्याकाळी कनका अक्कांच्या छपराखाली तिने त्याला गाठलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आज मी नऊला आले होते का रे?"

वादिराज पावसाकडे बघू लागला. "यंत्र चुकलं तर हातानें वेळ घालतां येते. तो अधिकार आहे मला."

"आज यंत्र नव्हतं चुकलं. मी उशिरा आले होते."

"तुझी नोकरी कायम व्हायला थोडेच दिवस उरलेत, रुचा. एवढं केलं तर काय बिघडलं?"

"कळलं तर तुझी जाईल. आणि माझी जाईल ती खोटारडी म्हणून." तिचा आवाज कापला. "आजारी म्हणून गेली असती तर चाललं असतं मला. आई झाकते, मी झाकते... आता तूही झाकायला लागलास. मला वाटलं होतं, निदान तुझ्यापुढे तरी माझे हात उघडे आहेत."

ती पावसातच निघून गेली. राग होताच. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती मोठी होती, कारण आता तिला त्याचीही काळजी वाटत होती, आणि ती काळजी कशातून येते हे न कळण्याइतकी ती लहान नव्हती.

दुसऱ्या दिवशी रुचा विद्यालक्ष्मी मॅडमच्या खोलीत गेली. विभागाच्या प्रमुख. केसांत गजरा, आणि बोलणं असं की समोरच्याची कागदपत्रं आपोआप सरळ व्हावीत. रुचाने उभ्या उभ्याच इंग्रजीत सगळं सांगितलं. आजार, सकाळ, अंगठा. आपल्या नावावर लागलेल्या वेळा खऱ्या नाहीत, हेही.

मॅडमनी चष्मा काढला. "हे शेवटचं मला तासाभरापूर्वी कळलं. वादिराज येऊन गेला. त्याने सगळ्या नोंदी पूर्ववत केल्या आणि दोष स्वतःवर घेतला. तुला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणाला."

रुचाने खुर्चीची पाठ धरली.

"या आजाराचे किती दावे तू मंजूर केलेस?"

"बरेच, मॅडम."

"त्यांना विचारलंस का, की सकाळी लवकर का उठत नाही?"

"नाही."

"मग स्वतःला का विचारतेस?" मॅडम थोड्या मऊ झाल्या, पण थोड्याच. "झालेला उशीर तो उशीर. रजा कापली जाईल. पण डॉक्टरांचं पत्र दिलं, तर वेळ बदलून देण्याची तरतूद आपल्याकडे आहे. साडेदहा ते सात. आजवर कुणी मागितलीच नाही. आणि कायम करायचं ते मी तुझं काम बघून ठरवणार आहे. काम मी पाहिलेलं आहे."

डिसेंबरात पत्र आलं. रुचा कायम झाली, आणि साडेदहाची वेळही मिळाली. वादिराजला लेखी ताकीद मिळाली, हजेरीचं यंत्र त्याच्याकडून काढून घेतलं आणि त्याच्या गळ्यात कँटीनची देखरेख घातली. ऑफिसातले लोक म्हणाले, शिक्षा झाली. कँटीनची कॉफी प्यायलेले म्हणाले, बरं झालं. या सगळ्या दिवसांत तो जिन्यात भेटला की मान खाली घालून बाजूला व्हायचा. रुचा बोलायचं ठरवायची आणि तेवढ्यात जिना संपायचा.

नव्या वेळेच्या पहिल्या सकाळी ती आरामात उठली. गरम पाण्यात हात बुडवून निवांत बसली. बटणं एकेक करून, न चिडता लावली. साडेदहाच्या थोडं आधी कनका अक्कांच्या दुकानापाशी आली आणि सवयीने कोपऱ्यात उभी राहिली.

दुकान रिकामं होतं. ऑफिसची सगळी माणसं केव्हाच वर गेली होती. वादिराजही. नऊला हजर व्हायचा नियम त्याला होताच. रुचाच्या आत्ता ध्यानात आलं, की खरं बोलून मिळालेल्या नव्या वेळेनेच सकाळची ती दहा मिनिटं नेली होती. हवं ते सगळं मिळालं होतं, आणि "निवली" म्हणायला मागे कुणी नव्हतं.

"कँटीनला डिकॉक्शनची कॉफी पावडर हवी," जिन्यावरून आवाज आला. "अक्कांकडची चांगली असते."

तो उभा होता. शर्ट गुलाबी होता. इस्त्री केलेला, नवा, मुद्दाम विकत घेतलेला गुलाबी.

"पावडर रोज लागेल का रे?" रुचाने विचारलं.

"रोज चालणार नाहीं. मॅडम मोजतात." तो जवळ आला. "चुकलों मी. तुला विचारायला हवं होतं."

"हो. विचारायला हवं होतंस." ती त्याच्याकडे बघत राहिली. "सगळं खरं सांगून टाकलंस वर जाऊन, माझ्याही आधी. ते कुणाला विचारून?"

"तें आपसूक झालं."

अक्कांनी दोन टंबलर पुढे सरकवले. दोघांनीही उचलले नाहीत.

"आमच्या घरीं पहांटेच डिकॉक्शन पडतं," तो टंबलरकडे बघत म्हणाला. "सातला कॉफी तयार असते. माणसं तीन. आई म्हणते, चौथा टंबलर उगाच पालथा असतो..."

"वादिराज."

"अं?"

"सरळ बोल."

त्याने मान वर केली. "मला तूं आवडतेस. सकाळचीं दहा मिनिटं मला पुरणार नाहींत. अस्की सकाळ पाहिजे."

रुचा कानापर्यंत लाल झाली. पण एक गोष्ट उरली होती, आणि ती विचारल्यावाचून तिला पुढे जाता येईना. "माझी बोटं उद्या आणखी बिघडतील, कदाचित. तुझ्या आईला सांगितलंस?"

"नाहीं. तूं सांग. तुला अत्तां सांगायची सवय झालीय." तो हसला. "शनिवारीं दुपारीं जेवायला ये. रविवारीं तुला अन्न बघवत नाहीं."

आईला आज रात्री फोन करायचा, रुचाने मनात ठरवलं. मूठ उघडली आई, आणि काहीही सांडलं नाही, असं सांगायचं. "येते," ती म्हणाली. "मलाही तू आवडतोस. शर्टावर दूध सांडलं त्या दिवसापासून."

साडेदहा वाजत आले होते. बोटं सैल पडली होती, टंबलर धरून बसायची आज गरजच नव्हती. तिने तो एका हाताने उचलला आणि वाफाळती कॉफी ओठांना लावली. वादिराज श्वास रोखून बघत होता. कनका अक्काही.

"कशी आहे?"

"कडू," रुचा म्हणाली, आणि आणखी एक घोट घेतला.

तिचा दुसरा हात मोकळा होता. वादिराजने तो अगदी हलक्या हाताने, दाब न देता धरला. कॉफी संपेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले.