रविवारी दिलेला शब्द

"पोहायला गेला होतात?" लोसेनं विचारलं. "आज रविवार. पोलिसांना कळवावं लागेल."

दारातला तरुण नखशिखान्त निथळत होता. पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला, चर्चसाठी रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली विणलेली चटई भिजून जड झालेली...

"मी नाही गेलो समुद्राकडे," तो म्हणाला. "समुद्रच वरून आला."

लोसेनं ओठ मुडपून हसू दाबलं आणि पाव कागदात गुंडाळला. त्यानं हात पुढे केला. पाव गरम होता, की त्याची बोटं गार होती, म्हणून तिला असं—

पुढचं वाक्य तिनं मनातसुद्धा पूर्ण केलं नाही.

*

टोंगा या बेटांच्या देशात रविवारी काही चालत नाही. दुकान नाही, होडी नाही, खेळ नाही, अंगणात कुऱ्हाडीचा आवाज नाही. घंटा, प्रार्थना, जेवण, झोप. फक्त बेकऱ्या संध्याकाळी उघडत. फार वर्षांपूर्वीच्या वादळानंतर मिळालेली ती सवलत. लोसेचा भाऊ सेमिसी दुपारी पाव भाजून प्रार्थनेला निघून जाई, आणि गल्ल्यावर लोसे एकटी.

इतर सहा दिवस गल्ल्यावर सेमिसी. ती मागे, भिंतीकडे तोंड करून. इथला रिवाजच तसा: बहिणीसमोर भाऊ असला की प्रेमाचा शब्द कुणी काढत नाही. रेडिओवर तसलं गाणं लागलं तरी दोघांतलं एक उठून बाहेर जातं.

म्हणजे उरला रविवार.

*

दुसरा रविवार:

"एवढे पाव घरी कोण खातं?"

"डुकरं."

"माझ्या भावाचे पाव डुकरांना?"

"आवडतात त्यांना. तुमची आठवण काढतात."

"आणि त्यांच्या मालकाचं नाव?"

"फेलेती. चर्चच्या गायकवृंदात खालच्या सुरात गातो. कुणाला ऐकू येत नाही."

चौथा रविवार:

"मला येतो ऐकू."

"काय?"

"तुझा सूर," लोसे म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

*

सातव्या रविवारी दारावर सरकारी कागद चिकटवलेला होता. पुढच्या रविवारपासून बेकऱ्याही बंद.

फेलेतीनं तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. मग गल्ल्यापाशी आला. रांग संपली होती.

"लोसे... लग्न करशील माझ्याशी?"

"हो."

फार पटकन निघाला तो हो. तिचाच चेहरा उतरला. तिनं गल्ल्यावरचा हात मागे घेतला.

"काय झालं?"

"आज रविवार आहे. राज्यघटनेत लिहिलंय. रविवारी केलेला करार ग्राह्य धरत नाहीत."

तो हसला. "आपण काय जमिनीचा व्यवहार करतोय?"

लोसे हसली नाही. "माझ्या आत्याला एकानं असाच शब्द दिला होता. रविवारी, चर्चच्या पायरीवर. पुढे त्याच्या घरच्यांनी हेच कलम वाचून दाखवलं. आत्या अजून आमच्याकडेच असते."

"मी तसला नाही."

"तोही असंच म्हणाला असेल."

बाहेर घंटा सुरू झाली.

"मग उद्या विचारतो," तो म्हणाला.

"उद्या इथे सेमिसी असेल."

"माहितीये."

*

सोमवार. सकाळचे सात.

लोसे पाठमोरी उभी राहून कागद कापत होती. पावलं तिला ओळखू आली.

"एक पाव," फेलेती म्हणाला.

सेमिसीनं चिमट्यानं पाव उचलून दिला. "आणखी काही?"

सुटे पैसे गल्ल्यावर वाजले. मागे रांग. कुणीतरी खोकलं. लोसे वाट बघत होती, आणि तिला उमगत होतं की तो विचारणार नाही. भित्रा म्हणून नव्हे. चांगल्या घरात वाढलेला मुलगा भावासमोर हे बोलणारच नाही.

एक पाऊल दाराकडे. दुसरं.

ती वळली.

"फेलेती. काल विचारलंस ते आज विचार."

भाऊ खोलीत असताना असलं वाक्य ती सव्वीस वर्षांत बोलली नव्हती. सेमिसीच्या हातातून चिमटा पडला. मान लाल झाली. कुणाकडे न बघता त्यानं एप्रन काढला, खुंटीला लावला, आणि मागच्या दारानं निघून गेला. खिडकीतून दिसत होता तो — लाकडांच्या ढिगाशी, पाठ करून, मान खाली.

"दुखावलंस त्याला," फेलेती हळूच म्हणाला.

"हो. माफीसाठी जाऊन बसेन त्याच्या पायाशी. पण आधी विचार."

तो परत गल्ल्यापाशी आला. मग त्यानं विचारलं. तेच शब्द, सगळ्या रांगेसमोर.

"हो," लोसे म्हणाली. या वेळी सावकाश.

त्याच्या हाताला हातही न लावता ती मागच्या दारानं बाहेर गेली.

रांग तशीच उभी. फेलेती थोडा वेळ त्या दाराकडे बघत राहिला. मग गल्ल्याला वळसा घालून आत आला, पडलेला चिमटा उचलून पुसला.

"तू कोण रे इथला?" पुढच्या म्हातारीनं विचारलं.

"ते आत्ता बाहेर ठरतंय, आजी," तो म्हणाला. "तुम्हाला पाव कोणता देऊ?"