सडा घालतानाचा शुक्र

"आभारी आहे! अगदी गुरूच्या मापाचं आहे हे," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातलं लिंबू सरळ काढून घेतलं.

तिसगावच्या भर बाजारात! मी गोजरबाईच्या पाटीतून लोणच्यासाठी लिंबं निवडत होते. वर पाहिलं तर समोर एक उंच तरुण. केस विस्कटलेले, सदऱ्याचं एक बटण गायब, आणि काखेत हा एवढा लाल भोपळा.

"कुणाच्या गुरूच्या मापाचं?" मी विचारलं.

"आकाशातल्या. असं बघा, हा भोपळा म्हणजे सूर्य. मग आपली पृथ्वी साठ पावलांवर, ज्वारीचा एक दाणा. आणि गुरू तीनशे पावलांवर, हे लिंबू. शाळेतल्या मुलांना दाखवायचंय. संध्याकाळी परत आणून देतो."

"आवं मास्तर, दुसरी लिंबं काय मेली व्हय?" गोजरबाई म्हणाली.

"दुसरी गोल नाहीत," ते म्हणाले आणि चालूही लागले. जाताना एकदा मागे वळून हसले... तेवढं हसले नसते तर मी ते लिंबू त्याच दिवशी विसरले असते.

संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर हजर. हात रिकामे.

"गुरू शेळीनं खाल्ला," ते मान खाली घालून म्हणाले.

हे सुमंत. हेडमास्तरांचे भाचे. बी.एस्सी. होऊन नोकरीची वाट पाहत मामांकडे राहिले होते आणि तोवर शाळेत फुकट शिकवत होते. माझे वडील नृसिंहशास्त्री पंचक्रोशीतल्या पत्रिका करत, मुहूर्त काढत. अण्णांचे डोळे अधू झाल्यापासून पाटीवरचं गणित माझ्याकडे आलं होतं. सुमंतांनी ते पाहिलं मात्र, चैत्रभर रोज संध्याकाळी ओसरीवर मुक्काम! म्हणायला अण्णांशी वाद घालायला येत. पण बोलणं अण्णांशी, आणि नजर माझ्या पाटीवर.

"शुक्र स्वतः चमकत नाही, ठाऊक आहे का?" एकदा मला हळूच म्हणाले. "सूर्याचा उजेड घेऊन चमकतो."

"म्हणजे दुसऱ्याचं घेऊन मिरवणारा. लिंबू नेणाऱ्यांसारखा."

ते इतके मोकळे हसले की माझी बेरीज चुकली. मग जरा पुढे वाकून म्हणाले, "सरोजिनी, तुमच्याकडे पाहिलं ना, की मला..."

मी श्वास रोखला.

"...शनीची कडी आठवतात. तुमच्या बांगड्या तशाच दिसतात, बाजूनं पाहिलं तर."

आता या माणसाला काय म्हणावं? दुसरा कुणी असता तर चंद्राशी तरी थांबला असता!

पण मला ते आवडत होते. फार आवडत होते. म्हणून मामांनी मागणी घातली तेव्हा पत्रिका मी स्वतः जुळवल्या, तीन वेळा. आणि जुळल्या. एवढ्यात सुमंतांना दक्षिणेतल्या एका वेधशाळेत नोकरी लागली. एक जूनला हजर व्हायचं आणि वर्षभर रजा नाही. अण्णांनी मुहूर्त काढला, वैशाख वद्य सप्तमी. त्यानंतर चार दिवसांनी, एकादशीला शुक्राचा अस्त. शुक्र सूर्याजवळ सरकत सरकत दिसेनासा झाला की तो अस्त, आणि मग लग्नं बंद. पुन्हा दिसायला लागेपर्यंत चातुर्मास सुरू, म्हणजे थेट मार्गशीर्ष! जामखेडच्या वकिलांकडूनही मला मागणी आलेली होती. अण्णांनी त्यांना अजून नाही म्हटलं नव्हतं.

सगळं ठरलं होतं. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. आणि त्या बैठकीत सुमंतांनी तोंड उघडलं.

"शास्त्रीबुवा, तुमचं पंचांग जुनं आहे. शुक्र एकादशीपर्यंत कुठला टिकतो? पौर्णिमेलाच मावळणार तो!" आणि खिशातून एक विलायती पुस्तिका काढली. मग भोपळा मागवला. ज्वारीचा दाणा भोपळ्यामागे कसा जातो ते मामांना, अण्णांना, दारातल्या कुत्र्यालासुद्धा समजावून सांगितलं. मी आतून खुणा करतेय, डोळे वटारतेय, पदर ओढतेय... छे! मला उचकी लागली असेल असं समजून त्यांनी आत पाणी पाठवलं.

अण्णा हरले. आणि हरल्यावर ते प्रामाणिकपणे वागले. "पटलं मला," ते म्हणाले. "म्हणजे सप्तमीला शुक्र अस्तात. त्याआधी दुसरा मुहूर्त नाही. लग्न होणार नाही."

सुमंतांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्वारीचा दाणा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला गाठलं. "माझा मुहूर्तांवर विश्वासच नाही," म्हणतात!

"अण्णांचा आहे. आणि मुलगी त्यांची आहे."

"पण जे खरं आहे ते—"

"जामखेडचे वकील खरं कमी बोलत असतील. त्यांच्याकडे सुखात राहीन मी!" कळशी कमरेवर घेतली आणि आले निघून. घरी येऊन मात्र चुलीपुढे रडले. धुरानं, असं अण्णांना सांगितलं.

पौर्णिमा गेली. अण्णा जामखेडला होकाराचं कार्ड लिहायला बसणार होते. वद्य तृतीयेला पहाटे मी नेहमीसारखी अंगणात सडा घालत होते. पश्चिमेला चंद्र होता. आणि पूर्वेला, पाथर्डीच्या बाजूला, उजाडू लागलेल्या आभाळात—शुक्र! रोज तिथेच तर असायचा. माझ्या हातातून तांब्याच पडला.

गोजरबाई माळव्याची, भाजीची पाटी घेऊन बाजाराला चालली होती. तिला थांबवून विचारलं, "ती बघ, दिसतेय का?"

"शुक्राची चांदनी? ही काय! रोजच दिसतीया. आमी तिला बघूनच घरनं निगतो."

अरे देवा! एक पंचांगात बघणार, दुसरा विलायतेच्या पुस्तकात. पहाटे उठून आभाळात बघायला दोघांपैकी एकाला वेळ नव्हता. मी तशीच, हात शेणानं भरलेले, मामांच्या दाराशी गेले आणि कडी वाजवली. सुमंत डोळे चोळत बाहेर आले.

"चला. एक शब्द बोलू नका."

त्यांना अंगणात आणलं, अण्णांना उठवलं, दोघांची तोंडं पूर्वेला केली. अण्णांनी कपाळावर हात धरला, बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

"मला नाही दिसत, सरोज. नुसतं धूसर." ते माझ्याकडे वळले. "तू म्हणशील दिसतो, पण तुला लग्न हवंय. सुमंतराव, तुम्ही सांगा. तुम्ही स्वतःच्या लग्नासाठीसुद्धा खोटं बोलणारे नाही, हे मी पाहिलंय."

सुमंत पाहत राहिले... पाहतच राहिले.

"आहे," ते म्हणाले. "स्वच्छ दिसतोय. शास्त्रीबुवा, मी चुकलो. पुस्तिकेतली तारीख विलायतेची आहे. तिकडे शुक्र या दिवसांत तिरका उगवतो, क्षितिजाला लागून सरकतो, म्हणून लवकर उजेडात बुडतो. आपल्याकडे तो सरळ वर चढतो. तुमचं पंचांग बरोबर आहे."

अण्णांचं हसू मिशीत मावेना. "सप्तमी!" ते म्हणाले. "चार दिवस राहिलेत! अरे, मांडव कोण घालणार?" आणि मामांना उठवायला अनवाणीच निघाले.

आम्ही दोघंच उरलो. मी तांब्या उचलला.

"सरोज," ते म्हणाले. पहिल्यांदाच 'सरोज'. "मला तू फार आवडतेस. शेळीनं लिंबू खाल्लं, त्या दिवसापासून."

"मग इतके दिवस बोलायला काय झालं होतं? भोपळ्यावर तासभर बोलता येतं!"

"चुकेन अशी भीती वाटत होती."

माझा सगळा राग गेला. डोळे भरून आले, आणि या वेळी सांगायला धूरसुद्धा नव्हता. मी शेणाची बादली त्यांच्या हातात दिली.

"मलाही तुम्ही आवडता. पण लग्नानंतर रोज पहाटे उठायचं. सडा मी एकटी घालणार नाही."

त्यांनी मान डोलवली. आभाळ उजळत गेलं, शुक्र पाहता पाहता दिसेनासा झाला, आणि हा माणूस एकदाचा काहीही न समजावता माझ्याशेजारी गप्प उभा राहिला.