एकोणीस मतभेद

प्रिंटरमधून निघालेल्या गठ्ठ्यावर आम्ही दोघांनी एकदमच हात टाकला. माझा आहे तो, मी म्हणाले. माझा, तो म्हणाला, आणि वरचं पान वाचून गालातल्या गालात हसला.

"म्हणजे ती दुसरी वाचक तुम्हीच..."

झालं! एकाने दुसऱ्याचं बघून काही ठरवू नये म्हणून तर हृदयविभागाच्या मॅडमनी आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं होतं. मी हॉस्पिटलच्या ग्रंथालयातली, तो आकडेवारीवाला. काम असं – हृदयाची लय बिघडली की मांडीतून बारीक नळी आत सरकवून हृदयातला खोडकर भाग भाजून शांत करतात. तरी काहींची लय पुन्हा बिघडतेच. ती कोणाची, का, यावर गेल्या वीस वर्षांत कोण काय लिहीत आलंय त्याचा मागोवा घ्यायचा. हजारावर शोधनिबंध; त्यातले घ्यायचे ते फक्त मोठ्या माणसांवर हा नळीचा उपाय केलेले. प्रत्येकावर दोघांनी आपापलं 'घ्या' किंवा 'सोडा' लिहायचं आणि जिथे जुळणार नाही तिथे गुरुवारी समोरासमोर बसून वाद मिटवायचा.

पहिल्या गुरुवारी बारा मतभेद निघाले. दोन तास भांडलो. भांडताना त्याचा चष्मा घसरायचा आणि तो पेन्सिलीच्या टोकाने वर सारायचा. हे मी का बघत होते, देव जाणे. दुसऱ्या गुरुवारी पाच. तिसऱ्या गुरुवारी एकही नाही, म्हणजे बसायचं कारणच नाही. मॅडम खूश, आणि मी मात्र दिवसभर उगाचच चिडचिड करत होते. भाजीत दोनदा मीठ पडलं तेव्हा आईने विचारलं, लक्ष कुठे असतं तुझं? मला तरी कुठे ठाऊक होतं!

चौथ्या गुरुवारी एकदम एकोणीस. लहान मुलांवरचा निबंध त्याने घेतलेला, नुसत्या गोळ्यांवरचा घेतलेला. मी चूक दाखवली की लगेच 'बरोबर आहे तुमचं' म्हणायचा, पण पुढचं पान उलटायला भारी वेळ लावायचा. एवढा हुशार माणूस असा कसा चुकतो? की माझंच काहीतरी चुकतंय? डोक्याचं पार भजं झालं होतं.

मग मॅडमनी मला बोलावून सांगितलं, असंच चाललं तर त्याच्या जागी दुसरा माणूस घेणार. त्या आठवड्यात मी जे केलं ते माझ्यासारख्या नियमाच्या पक्क्या बाईला शोभणारं नव्हतं. प्रत्येक निबंधाशी थांबून विचार केला – तो इथे कसा चुकेल? आणि तशीच चुकत गेले. जुळलं तर निदान त्याला काढणार नाहीत...

पाचव्या गुरुवारी तेवीस मतभेद. मॅडमनी त्यालाही दम दिला होता, त्यामुळे त्याचं सगळं अगदी बिनचूक. तो यादीकडे बघतच राहिला.

"शेळ्यांच्या हृदयावरचा निबंध तुम्ही घेतलात?"

"तुम्ही घेतला असतात म्हणून."

बोलून गेले आणि कान गरम झाले.

"ते एकोणीस... मी मुद्दाम केले होते," तो म्हणाला. "आधीचा गुरुवार रिकामा गेला. तो नाही सोसला मला."

हसावं की रागवावं, कळेना. आधी रागावलेच. उद्या कोणी डॉक्टर यावर विसंबून पेशंटला काही सांगेल, असं त्याला सुनावता सुनावता लक्षात आलं की मी तरी काय वेगळं केलंय.

दोघे मिळून मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी दोन्ही आठवड्यांचे निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावले. शिवाय यापुढे मतभेद तिसरा माणूस मिटवेल, तुम्ही एकत्र बसायचं नाही, असं बजावलं. चांगलीच खोड मोडली.

बाहेर जिन्यात तो थांबला.

"आता गुरुवारी भेटायला काही कारणच उरलं नाही."

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यात कसलाही गोंधळ नव्हता.

"मग विनाकारण ये," मी म्हणाले. "उद्याच ये."