खुर्चीवरची बॅग

समोरून एक बाई दोन्ही हातांत पडद्यांचा गठ्ठा घेऊन येतेय, गठ्ठ्यावरून तिचे नुसते डोळे दिसताहेत, आणि लिफ्टमधला शहाणा हातातल्या कागदातून मान वर न करता दाराचं बटण दाबतो! असल्या माणसाला काय म्हणावं? ठिणगीने जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बंद दाराने ऐकलं असेल तेवढंच.

पडदे शिवायच्या त्या कारखान्यात ती तपासणीला होती. राग नाकावर, जीभ कात्रीसारखी, म्हणून सगळे ठिणगी म्हणत. तीन मजले जिन्याने चढून ती घामाघूम वर पोचली, तर मशिनं बंद. कामाच्या जागी कसं बोलावं ते शिकवायला मोठ्या ऑफिसातून साहेब आले होते. साहेब म्हणजे... तोच. लिफ्टवाला!

दिसायला बरा होता मेला. कपाळावर एक बट, आवाज लोण्यासारखा. पण तळपायाची आग मस्तकात गेलेली असताना देखणेपण कुणाला दिसतं?

"शब्द लागतात," तो म्हणाला. "म्हणून आजपासून ताई, मावशी, काका बंद. सगळे सहकारी. आणि तुमचे ते लंगडे मास्तर," त्याचं बोट यादीवरून फिरलं, "त्यांना म्हणायचं, विशेष क्षमतेचे कटिंग सहकारी."

आणि हे विशेष क्षमतेचे मास्तर कुठे होते? मागे भिंतीला टेकून. एक पाय आखूड, त्यावर पाऊण तास उभे. खुर्च्या सहा. पाचांवर ऑफिसातली माणसं, सहावीवर साहेबांची बॅग.

"अहो साहेब!" ठिणगी कडाडली. "ती बॅग उतरवा आधी. तिचे पाय दुखत नाहीत, मास्तरांचे दुखतात."

"ताई... म्हणजे सहकारी... मी बोलतोय."

"तेच तर! नुसतं बोलताय. जिभेवर साखर घोळवायची आणि म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवायचं. याला तुमच्यात सन्मान म्हणतात? आमच्यात निलाजरेपणा म्हणतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबाचे कान लाल झाले. पण कारखान्याचा मॅनेजर तिथेच होता. त्याने वही उघडली. "उद्धट भाषा. तिसरी नोंद. शनिवारी साहेबांनी सही केली की तू घरी."

नोकरी गेली तर? घरी आई होती, शाळेत जाणारी बहीण होती, आणि चूल पेटत होती ती हिच्या एकटीच्या पगारावर. पण माफी? मान मोडली तरी नाही.

दुपारी तो तिच्या टेबलाशी आला. "बॅग उतरवली मी."

"मला काय सांगता? मास्तरांना सांगा."

"त्यांना... काय म्हणून हाक मारू?"

"अगंबाई! एवढी यादी केलीत, आणि ज्याला हाक मारायची त्याला विचारलं नाहीत? तोंड कशाला दिलंय देवाने, याद्या वाचायला?"

तो खरोखरच गेला. मास्तरांच्या टेबलापुढे वाकून त्याने विचारलं. मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारतंय," ते म्हणाले. "लंगडे म्हटलं की मी हसतो. लोकांना वाटतं, याला चालतं. रडून दाखवू का मग? आणि तुमचं ते लांबलचकही नको. माझा हात बघा, पाय कशाला बघता? नुसतं मास्तर म्हणा."

ठिणगीच्या हातातला पडदा खाली पडला. पहिल्या दिवसापासून, मायेने म्हणून, ती काय हाक मारत आली होती? लंगडे मास्तर, चहा घेतलात का? लंगडे मास्तर, जेवलात का? साहेबावरचा सगळा राग उलटा फिरून तिच्याच कानशिलात बसला. ती उठली, मास्तरांच्या पायाशी जाऊन बसली. "चुकले हो, मास्तर. थोबाडीत द्या."

"ऊठ गं, वेडे," मास्तर म्हणाले. "काम कर."

वळली तर साहेब तिच्याकडेच पाहत होता... टक लावून.

"काय बघताय? हसा आता. तुमची यादी बरोबर निघाली."

"अर्धीच," तो हळूच म्हणाला. "उरलेल्या अर्ध्यात तुम्ही बरोबर निघालात."

त्यानंतर साहेबाला या मजल्यावर फारच कामं निघू लागली. गठ्ठे उचल, दार धर, इस्त्रीवाल्या बाईंसाठी पंखा फिरव. मजल्यावरचं एक माणूस हसायचं राहिलं नाही.

"लिफ्टमध्ये काय झालं होतं डोळ्यांना?" एकदा तिने विचारलंच.

तो खाली बघत म्हणाला, "भाषण पाठ करत होतो. सौजन्य या विषयावरचं."

हसायचं नाही असं ठरवूनही ती खो खो हसली. मग एकदम थांबली, कारण तो हसत नव्हता. तिच्या केसांकडे बघत होता.

"सूत अडकलंय. काढू?"

"सांगितलंत, पुष्कळ झालं." तिने हात फिरवला. भलत्याच बाजूला.

"तिकडे नाही..."

"बरं, काढा. पण एकच बोट."

त्याने एकाच बोटाने काढलं. इस्त्रीची वाफ दोघांच्या मधून वर चढत राहिली, आणि ठिणगीला उगीचच गरम झालं.

शनिवार आला. ती डबा भरून, मन घट्ट करून बसली होती. सही झाली की उठायचं, रडायचं ते जिन्यात. तो आला. हातात कागद नव्हता.

"नोंद खोडली," तो म्हणाला. "मी वर कळवलं, चूक माझी होती. तिला काढाल तर मलाही काढा, असंही लिहिलं. तुम्हाला ठेवलंय. माझं हे काम काढून घेतलं. सोमवारपासून गोदामात. पगार निम्मा." मग एक पाऊल पुढे येऊन, "आणि... तुम्ही मला आवडता. फार."

मशिनं एकामागून एक थांबली. मास्तरांची कात्री कापडात अर्धीच राहिली.

ठिणगीचे डोळे भरले, आणि डोळे भरले याचाच तिला संताप आला.

"कुणाला विचारून?" ती ओरडली. "मी पदर पसरला होता तुमच्यापुढे? माझ्यापायी निम्मा पगार घालवलात, आणि मला कळतंय आत्ता, सगळ्यांच्या देखत!"

"म्हणजे... नको?"

"नको कोण म्हणालं?" तिने मनगटाने डोळे पुसले आणि सबंध मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माणूस वाईट नाही तुम्ही. पण दुसऱ्याचं सगळं आपणच ठरवून मोकळं व्हायची खोड वाईट आहे. आता एक गोष्ट राहिलीय. ती उद्या घरी येऊन, माझ्या आईसमोर बसून, मला नीट विचारा. उत्तर 'हो' आहे, पण विचारल्याशिवाय मिळायचं नाही!"